मेंदूतलं ‘थांब’ कोण ऐकतं?

मागच्या महिन्यात इंदूरहून एका वाचक ताईंची मेल आली. त्यांचे मिस्टर सत्तेचाळीस वर्षांचे. दीड वर्षापासून चालताना त्यांचा तोल जातो. चहाचा कप उचलला की अर्धा बशीत. शर्टाचं बटण लावायला पाच-पाच मिनिटं. बोलणंही जरा जड झालंय. सगळ्यात जास्त त्रास कशाचा होतो, तर सोसायटीतल्या लोकांना वाटतं की हे पिऊन येतात, आणि या माणसाने आयुष्यात दारूच्या थेंबालाही हात लावलेला नाही. एमआरआय झाला. डॉक्टर म्हणाले, लहान मेंदू आक्रसतोय, याला अटॅक्सिया म्हणतात. ताईंचा प्रश्न सरळ होता. हातात ताकद आहे, बुद्धी शाबूत आहे, सगळं आठवतंय, मग बिघडलंय तरी नेमकं काय?

मी इंग्रजी साहित्य घेऊन बी.ए. केलं. जीवशास्त्राशी माझा संबंध दहावीनंतर सुटला. उपचारांचं डॉक्टर बघतील, निदान ‘काय बिघडतं’ एवढं तरी समजून घेऊ, म्हणून वाचायला बसले. आणि पोचले ती एका अशा पेशीपाशी, जिचं नाव माझ्या दहावीच्या पुस्तकात नव्हतं आणि जिला शास्त्रज्ञांनीही शंभरेक वर्षं फारसं विचारलं नव्हतं. आजचा लेख त्या पेशीवर. वाट थोडी लांबची आहे मंडळी, पण ती ताईंच्या प्रश्नापर्यंत जाते.

आधी लहान मेंदूची ओळख करून घेऊ. मान जिथे संपते त्याच्या जरा वर, डोक्याच्या मागच्या बाजूला हात ठेवा. त्याच्या आत तो बसलेला आहे. पुस्तकात त्याला अनुमस्तिष्क म्हणतात. वजन दीडशे ग्रॅमच्या आसपास, म्हणजे अख्ख्या मेंदूच्या दहावा हिस्सा. पण २००९ साली ब्राझीलच्या सुझाना हर्क्युलानो-हौझेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी माणसाच्या मेंदूतल्या पेशी मोजल्या, तेव्हा चेतापेशी, म्हणजे न्यूरॉन, निघाले सुमारे ८,६०० कोटी आणि त्यातले ६,९०० कोटी एकट्या लहान मेंदूत! नाव लहान आणि खटलं केवढं!

यातली बहुतेक गर्दी आहे बारीक दाण्यांसारख्या पेशींची. या घराची कर्ती पेशी मात्र वेगळी आहे. यान पुर्किन्ये नावाच्या झेक शास्त्रज्ञाने १८३७ साली तिचं वर्णन केलं, म्हणून तिला पुर्किन्ये पेशी म्हणतात. दिसायला फार देखणी. लहानपणी आपण पुस्तकात पिंपळाचं पान ठेवायचो आणि काही दिवसांनी त्याची नुसती जाळी उरायची, आठवतं? पुर्किन्ये पेशीच्या फांद्या अगदी तशा पसरलेल्या असतात. तशाच चपट्या, एकाच पातळीत. अशी पानं ओळीने उभी करून ठेवावीत तशा या पेशी लहान मेंदूच्या सालीत उभ्या असतात. एकेकीच्या फांद्यांवर लाखाच्या वर ठिकाणी इतर पेशींचे निरोप येऊन पोचतात.

इतके निरोप ऐकून ही पेशी पुढे काय सांगते? फक्त एकच शब्द. ‘थांब.’

जपानचे मासाओ इतो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६० च्या दशकात हे दाखवून दिलं. लहान मेंदूच्या सालीतून बाहेर जाणारा निरोप पुर्किन्ये पेशींकडूनच जातो, आणि तो समोरच्या पेशीला चेतवत नाही, शांत करतो. वाचताना मला हे जरा विचित्रच वाटलं. जो भाग आपल्या हालचाली नीट करतो, त्याच्याकडून निघणारा प्रत्येक निरोप नकाराचा?

मग रांगोळी डोळ्यांसमोर आणली आणि उलगडलं. चिमटीतून रांगोळी सुटते ती पावडरच्या वजनानेच. हाताचं खरं कसब असतं चिमूट कुठे बंद करायची यात. तिथे अर्धा क्षण उशीर झाला की कमळाची पाकळी शेजारच्या पाकळीत घुसते. कप उचलतानाही तेच होतं. हात पुढे नेणं सोपं असतं. तो कपाच्या कानापाशी बरोबर थांबायला हवा, तिथे एका स्नायूला ‘चल’ म्हणताना दुसऱ्याला नेमक्या क्षणी ‘पुरे’ म्हणावं लागतं. हे ‘पुरे’ वेळेवर गेलं नाही तर हात कपाच्या पुढे जातो, मग मागे येतो, मग पुन्हा पुढे. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं हात थरथरतोय. ताकद तशीच आहे, वेळ चुकतेय. ताईंच्या प्रश्नाच्या उत्तराचा अर्धा भाग इथे आला.

आता गंमत बघा. सगळ्यांना थांबवणाऱ्या पुर्किन्ये पेशीलाही थांबवणारं कुणीतरी आहे. सासूलाही सासू असते, तसं. तिच्या आजूबाजूला छोट्या चेतापेशी असतात. काही ताऱ्यासारख्या, काही तर आपल्या टोकांनी पुर्किन्ये पेशीभोवती वेताची टोपली विणावी तसं जाळं करतात. स्पेनच्या सांतियागो रामोन इ काहाल यांनी १८८८ साली पक्ष्यांच्या लहान मेंदूत ही टोपली बघून तिची चित्रं काढली. या टोपलीवाल्या आणि तारावाल्या पेशी पुर्किन्ये पेशीला गप्प करतात, म्हणजे पुढच्या पेशींवरचा लगाम जरा सैल होतो. नकाराला नकार मिळाला की वाट मोकळी होते. या दोन नकारांच्या खेळात हालचालीला आकार येतो.

हा नकार पोचवणाऱ्या रसायनाचं नाव गाबा. मेंदूत ते असतं हे १९५० मध्ये कळलं. एका चेतापेशीतून ते बाहेर पडतं आणि दुसरीच्या अंगावरच्या ठरावीक दारांवर जाऊन बसतं. दार उघडतं आणि क्लोराइड आत शिरतं. हो, मिठातलंच क्लोराइड. त्याच्यावर ऋण विद्युतभार असतो. चेतापेशी आतून आधीच थोडी ऋण असते आणि तो ऋणपणा कमी झाला तरच ती ‘बोलते’. क्लोराइड आत आलं की तो कमी होऊ शकत नाही, म्हणून ती गप्प बसते. मोठ्या माणसांच्या मेंदूत गाबाचं मुख्य काम हेच.

इथपर्यंत सगळी गोष्ट चेतापेशींची झाली. माझी पेशी अजून यायची आहे.

१८५६ साली रुडॉल्फ फिर्खो या जर्मन डॉक्टरांनी चेतापेशींच्या मधल्या भरावाला ‘न्यूरोग्लिया’ असं नाव दिलं. ग्लिया म्हणजे डिंक. विटांच्या मध्ये सिमेंट असतं तसं मेंदूला धरून ठेवणारं काहीतरी, एवढीच त्यांची कल्पना. नावात काय आहे म्हणतात, पण या नावाने ग्लिया पेशींचं शतकभर नुकसान केलं असं माझं मत आहे. डिंकाला कोण प्रश्न विचारणार? पुढे त्यांच्याकडे दुर्लक्ष व्हायला आणखी एक कारण मिळालं. चेतापेशी बोलते तेव्हा विजेचा छोटासा झटका उमटतो आणि तो यंत्रावर टिपता येतो. ग्लिया पेशी असे झटके देत नाहीत. यंत्र लावलं की सपाट रेघ. मग सगळे समजून चालले की इथे काही घडतच नाही.

(जाता जाता एक. मेंदूत चेतापेशींच्या दसपट ग्लिया असतात, असं वाक्य अजून फॉरवर्डमध्ये फिरतं. वर सांगितलेल्या मोजणीत अख्ख्या मेंदूत दोन्ही साधारण सारख्याच निघाल्या. लहान मेंदूत तर उलटंच, ६,९०० कोटी चेतापेशींच्या तुलनेत बाकीच्या सगळ्या मिळून १,६०० कोटींच्या आसपास.)

फिर्खोंच्या पुढच्याच वर्षी, १८५७ मध्ये, कार्ल बर्गमन यांनी लहान मेंदूतल्या एका खास ग्लिया पेशीची नोंद केली. हीच ती, बर्गमन ग्लिया. हिचं अंग पुर्किन्ये पेशीच्या अंगाला लागून असतं, आणि तिथून उभे धागे निघून थेट लहान मेंदूच्या पृष्ठभागापर्यंत जातात. त्या धाग्यांना पानांसारखे बारीक पापुद्रे फुटलेले असतात. पुर्किन्ये पेशीच्या फांद्यांवर जिथे जिथे निरोप येतात, तिथे हे पापुद्रे लपेटलेले असतात. टोपलीवाल्या पेशी ‘थांब’ म्हणतात त्या जागीही ही शेजारीण हजर.

ती मुळात बांधकामावरची. मेंदू घडत असताना दाणेदार पेशी वरच्या थरात जन्मतात आणि त्यांना खाली यायचं असतं. तेव्हा त्या बर्गमन ग्लियाच्या धाग्याला धरून घसरत खाली उतरतात. पास्को राकिच यांनी १९७१ मध्ये माकडांच्या मेंदूत हे पाहिलं. इमारत बांधताना बांबूंची परांची बांधतात ना, तसंच काहीसं. मेंदूच्या इतर भागांत काम संपलं की अशी परांची सुटते. तिथल्या पेशी आपलं रूप बदलतात. लहान मेंदूत मात्र ती तशीच उभी राहते, जन्मभर.

आणि जन्मभर तिथे उभं राहून ती करते काय? ऐकते.

आता मूळ प्रश्न. ‘चल’ म्हणणारे निरोप ग्लियाला कळतात हे आधी लक्षात आलं, कारण ते जरा ठळक असतात. चेतवणाऱ्या निरोपांचं रसायन ग्लुटामेट, आणि ते बर्गमन ग्लियावर पोचलं की तिच्या आत कॅल्शियम वाढतं. कॅल्शियमबरोबर चमकणारे रंग मिळाल्यावर शास्त्रज्ञांना हे चक्क डोळ्यांनी बघता आलं. सपाट रेघेमागे केवढी हालचाल चालली होती! पण ‘थांब’चं काय? शांतता कुणाला कशी ऐकू येईल?

तिला ती किमान दोन वाटांनी कळते.

पहिली वाट गाबाच्याच दारांची. १९९४ मध्ये जर्मनी आणि स्वित्झर्लंडमधल्या शास्त्रज्ञांनी दाखवलं की बर्गमन ग्लियाच्या अंगावरही गाबाची दारं असतात, तीच, चेतापेशीवर असतात तसली. कोवळ्या उंदरांमध्ये हा प्रतिसाद चांगला जोरकस असतो, वय वाढतं तसा तो उतरतो. दार तेच असलं तरी परिणाम उलटा होतो. कालव्याची झडप उघडली की पाणी कुठल्या बाजूला वाहील? जिथे पातळी कमी असेल तिकडे. चेतापेशीच्या आत क्लोराइड कमी, म्हणून ते आत शिरतं. ग्लिया पेशी आपल्या आत क्लोराइड साठवून ठेवतात, म्हणून तीच झडप उघडली की ते बाहेर पडतं, आणि पेशीचा ऋणपणा किंचित कमी होतो. जे रसायन शेजारणीला गप्प करतं, तेच हिला हलकेच जागं करतं. मला या सगळ्या विषयातली सर्वांत सुंदर गोष्ट हीच वाटली. एकच शब्द दोन घरांत दोन अर्थांनी पोचतो.

दुसरी वाट सफाईची आहे, आणि तीही तेवढीच महत्त्वाची. चेतापेशीने सोडलेलं गाबा तिथेच साचून राहिलं तर ‘थांब’ संपणारच नाही. ते उचलावं लागतं. या कामासाठी चेतापेशींवर आणि ग्लियावर वाहक प्रथिनं असतात. ती गाबाचा एकेक कण आत ओढतात. पण फुकट नाही. गाबाच्या एका कणाबरोबर सोडियमचे दोन आणि क्लोराइडचा एक कण आत येतो. हिशोब करून बघा, दोन धन, एक ऋण, म्हणजे प्रत्येक फेरीला एक धनभार शिल्लक. थेंबाथेंबाने पेशीच्या आतला सोडियम वाढतो आणि तिचा विद्युतभारही जरासा हलतो. म्हणजे साफसफाई करतानाच तिला कळतं की आज इथे किती वेळा ‘थांब’ म्हटलं गेलं. सकाळी घंटागाडीवर येणारे दादा आठवा. कुणाच्या घरी काल पाहुणे होते, कुणाकडे वाढदिवस झाला, हे त्यांना कुणी सांगावं लागत नाही. डब्याच्या वजनावरून कळतं.

याशिवाय पोटॅशियमचीही एक नोंद असते. चेतापेशी बोलते तेव्हा तिच्यातून पोटॅशियम बाहेर पडतं आणि ग्लियाचं अंग त्याबाबत फार हळवं असतं. पुर्किन्ये पेशी गप्प झाली की तो ओघही बदलतो.

तुम्ही म्हणाल, एवढ्या दाटीत हे ओळखलं कसं? कारण मेंदूच्या तुकड्याला विजेचा धक्का दिला तर ‘चल’वाले आणि ‘थांब’वाले सगळे एकदम ओरडतात, आणि ग्लिया कुणाला ऐकून दचकली ते समजत नाही. इथे मदतीला आलं चक्क शेवाळ. हिरव्या शेवाळातलं एक प्रथिन निळा प्रकाश पडला की विद्युतभार आत सोडतं, हे २००३ मध्ये कळलं आणि २००५ मध्ये ते चेतापेशीत बसवून दाखवण्यात आलं. मग जनुकांची करामत करून ते फक्त टोपलीवाल्या आणि तारावाल्या पेशींत बसवता येतं. निळा दिवा लावला की तेवढ्याच बोलतात, बाकी सगळं शांत. अशा वेळी बर्गमन ग्लियावर बारीक काचेची नळी लावून नोंद घ्यायची. मग औषध घालून आधी गाबाची दारं बंद करायची, उरलेला प्रतिसाद बघायचा. मग वाहक प्रथिनं बंद करायची, पुन्हा बघायचं. प्रत्येक वाटेचा वाटा असा वेगळा काढता येतो. हे सगळं होतं उंदराच्या मेंदूच्या पातळ कापावर. केसांहून बारीक काम, आणि तेही तास-तास मान न हलवता.

जिवंत, धावत्या उंदराची गोष्ट जरा वेगळी असते, हेही सांगायला हवं. २००९ मध्ये स्टॅनफर्डच्या गटाने पळणाऱ्या उंदरांच्या लहान मेंदूत बघितलं, तेव्हा उंदीर धावू लागताच शेकडो बर्गमन पेशींमध्ये कॅल्शियम एकदम उजळलं. २०१४ मध्ये दुसऱ्या एका गटाने दाखवलं की यामागे नॉरअ‍ॅड्रेनलिन आहे, म्हणजे सगळ्या मेंदूला ‘सावध’ करणारं रसायन. त्या मोठ्या भोंग्यापुढे एका टोपलीपेशीचं ‘थांब’ म्हणजे कुजबुजच. पण संशोधकांना त्याच कुजबुजीत रस आहे, कारण भोंगा सगळ्यांना एकच गोष्ट सांगतो आणि कुजबुज सांगते नेमकी कुठली जागा, नेमका कुठला क्षण.

ऐकून ती गप्प बसत नाही, हा पुढचा भाग.

२०१० मध्ये दक्षिण कोरियातल्या गटाने दाखवलं की लहान मेंदूतल्या ग्लिया पेशी, त्यात बर्गमन ग्लियाही आली, स्वतः गाबा बाहेर सोडतात. चेतापेशीसारखा एकदम फवारा मारून नाही. नळ नीट बंद न केल्यावर धार लागून राहते तसं, बेस्ट-वन नावाच्या वाटेतून, सतत, थोडं थोडं. यामुळे दाणेदार पेशींवर कायम हलका हात ठेवल्यासारखा दाब राहतो. २०१८ मध्ये त्याच दिशेने पुढे जाऊन त्यांनी ही धार कमी-जास्त करून बघितली. धार कमी केलेले उंदीर फिरत्या दांड्यावर जास्त वेळ टिकले. धार वाढवलेले लवकर पडले. फिरता दांडा म्हणजे उंदरांची तोलाची परीक्षा, आपल्या जत्रेतल्या डोंबाऱ्याच्या दोरीसारखी. म्हणजे ज्यांना आपण डिंक म्हणालो, त्यांच्या हातात तोलाचा एक पेच आहे.

आता सोसायटीतल्या त्या लोकांकडे येऊ. दारूचा परिणाम मेंदूत अनेक ठिकाणी होतो, पण तोल जाणं, जीभ जड होणं, पावलं रुंद टाकत चालणं, यात लहान मेंदूचा मोठा हात असतो. तिथे दारू गाबाचा परिणाम वाढवते. सगळीकडे ‘थांब’ची धार जास्त, आणि नेमका कुठला ‘थांब’ कधी म्हटला गेला याचा घोळ. अटॅक्सियात कारण पूर्ण वेगळं असतं. तिथे पेशीच झिजत असतात. पण बिघडतो तो हाच भाग, म्हणून बाहेरून दिसणारं चित्र तेच. डॉक्टरही दोन्ही ठिकाणी तसलीच परीक्षा घेतात, सरळ रेषेत टाचेला अंगठा लावत चाला, बोट नाकाला लावा, मग माझ्या बोटाला लावा. त्यामुळे शेजाऱ्यांनी एवढं समजून घ्यावं की अटॅक्सियाचा माणूस पिऊन आल्यासारखा दिसणं हे त्या आजाराचं लक्षण आहे, त्या माणसाच्या चारित्र्याचं नाही. ताईंनी हा परिच्छेद सोसायटीच्या ग्रुपवर टाकायला माझी काही हरकत नाही.

पेशी झिजतात तेव्हा पहिला बळी पुर्किन्ये पेशींचा असतो, म्हणून वर्षानुवर्षं दोषही त्यांच्यातच शोधला गेला. २००६ मध्ये अमेरिकेत झालेल्या एका प्रयोगाने या समजुतीला धक्का दिला. एससीए-७ हा अटॅक्सियाचा एक आनुवंशिक प्रकार आहे. त्यातलं सदोष प्रथिन शास्त्रज्ञांनी उंदरांच्या पुर्किन्ये पेशींत घातलंच नाही, ग्लियात, मुख्यतः बर्गमन ग्लियात, घातलं. तरीही उंदरांचा तोल गेला आणि पुर्किन्ये पेशी झिजल्या. शेजारीण आजारी पडली आणि मरण हिला आलं. तिथे बिघाड ग्लुटामेट उचलण्यात होता, गाबात नाही, त्यामुळे ‘थांब’ ऐकू न आल्याने अटॅक्सिया होतो असा अर्थ कुणी काढू नये. पण आजार सुरू कुठे होतो हे शोधताना आता ग्लियाचं दारही ठोठावावं लागतं, हे पक्कं झालं. ‘ग्लियावर उपचार सापडला’ अशा बातम्या अधूनमधून दिसतात. त्यातल्या बहुतेक अजून उंदरांपलीकडे गेलेल्या नाहीत, तेव्हा त्या वाचून कुठलं पावडर-कॅप्सूल मागवू नका.

घरात कुणाला असा त्रास असेल तर दोन गोष्टी सांगण्यासारख्या आहेत. अटॅक्सिया हे एका आजाराचं नाव नाही, लक्षणांचं नाव आहे, आणि त्यामागची काही कारणं सुधारता येतात. ई जीवनसत्त्वाची किंवा बी-१२ ची कमतरता, थायरॉइडचा त्रास, काही औषधांचे दुष्परिणाम. म्हणून मेंदूविकारतज्ज्ञ रक्ताच्या एवढ्या तपासण्या लिहून देतात, त्या टाळू नयेत. आनुवंशिक प्रकारांसाठी जनुकीय चाचणी असते. भारतात एससीए-१२ नावाचा प्रकार काही कुटुंबांत आढळतो आणि त्याची सुरुवात बऱ्याचदा हात कापण्यापासून होते, त्यामुळे घरात मागच्या पिढीत ‘आजोबांचे हात थरथरायचे’ अशी आठवण असेल तर डॉक्टरांना ती जरूर सांगा. आणि दुसरं म्हणजे तोलाचे व्यायाम. आजार बरा होत नसला तरी नियमित, शिकवलेल्या पद्धतीने केलेल्या सरावाने चालणं सुधारतं, असं अभ्यासांत दिसलंय. यूट्यूब बघून नको, फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखाली. बाथरूममध्ये धरायला दांडा बसवून घ्या. कप जड बुडाचा घ्या आणि तो अर्धाच भरा.

एमआरआयमध्ये दिसतं ते लहान मेंदूचं आक्रसणं, म्हणजे बरंच काही होऊन गेल्यानंतरचं चित्र. बर्गमन ग्लियाचे धागे त्यात दिसत नाहीत. माणसाच्या लहान मेंदूतले हे धागे नीट बघायला मिळतात ते कुटुंबीयांनी मृत्यूनंतर दान केलेल्या मेंदूंत. बंगळूरच्या निम्हान्समध्ये अशी मेंदूपेढी आहे आणि शेजारी मेंदूंचं एक संग्रहालयही, जिथे सर्वसामान्य माणसांना जाता येतं आणि खराखुरा मेंदू हात लावून बघता येतो. गेलात तर मागच्या बाजूचा तो घड्यांघड्यांचा गोळा बघा. मधोमध कापलेला असेल तर आत पांढऱ्या फांद्यांचं झाड दिसतं. जुन्या शरीरशास्त्रज्ञांनी त्याचं नावच जीवनवृक्ष ठेवलंय. पुर्किन्ये पेशी आणि त्यांच्या शेजारणी त्या झाडाच्या अगदी कडेला, करड्या सालीत.